दिवे पूर्ण पेटलेले असतात, तोच बिघाड असतो

विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन खराडीतल्या एका कार्यालयीन इमारतीच्या देखभालीत मी रुजू झालो, तेव्हा दिवा पेटला नाही तर बिघाड, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच पावसाळ्यात रात्री दोन वाजता वॉचमनकाकांचा फोन आला की चौथ्या मजल्यावर कोणीही नाही, तरी निम्मे दिवे पूर्ण तेजाने पेटले आहेत आणि बटण दाबूनही विझत नाहीत. कोथरूडहून खराडीला त्या वेळी अर्ध्या तासात पोहोचता येते. दिवसाचे विचारू नये.

तिथे डाली पद्धतीचे, म्हणजे तारेवरून दिव्यांना डिजिटल आज्ञा देणारे, नियंत्रण होते. या पद्धतीत दोन तारांच्या एका लाइनवर जास्तीत जास्त ६४ ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी आणि आज्ञा पाळणारी उपकरणे) बसतात आणि लाइन शांत असताना तिच्यावर साधारण १६ व्होल्ट डीसी असतात. हे व्होल्टेज नाहीसे झाले की प्रत्येक ड्रायव्हर स्वतःत आधीच ठरवून ठेवलेल्या पातळीवर जातो, आणि ती पातळी कोणी बदललेली नसेल तर १०० टक्के असते, म्हणजे माणसे अंधारात अडकत नाहीत. मला हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन तास सेन्सर आणि सॉफ्टवेअर यांच्यामागे घालवले. सकाळी आलेल्या वरिष्ठांनी लाइनवर मल्टीमीटर लावला, तर जवळजवळ शून्य. लाइन सोडवून केवळ पॉवर सप्लाय मोजला, तर १६ व्होल्ट. म्हणजे लाइन कुठेतरी शॉर्ट होती, तिच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या होत्या. या सप्लायचा प्रवाह २५० मिलिअँपिअरपर्यंतच मर्यादित असल्याने अशा शॉर्टने एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, जळका वासही येत नाही, आणि म्हणूनच नवखा माणूस फसतो.

लाइन तुटली असेल तर चित्र वेगळे दिसते: तुटीच्या अलीकडचे दिवे आज्ञा पाळतात आणि फक्त पलीकडचे पूर्ण पेटतात. त्यामुळे कशालाही हात लावण्यापूर्वी नेमके कोणते दिवे ऐकत नाहीत, हे नकाशावर खुणावून घ्यावे.

शॉर्ट शोधण्यासाठी लाइन मधोमध सोडवून सप्लायकडच्या अर्ध्या भागावर व्होल्टेज परत येते का, ते पाहायचे. आले तर दोष पुढच्या अर्ध्यात. सरळ ओळीतल्या ६४ दिव्यांतही अशा सहा विभागण्या पुरतात. फाटे असतील तर मात्र नकाशावाचून निभाव लागत नाही. डालीच्या तारा बहुधा २३० व्होल्टच्या तारांसोबत एकाच केबलमध्ये असतात, म्हणून १६ व्होल्ट आहेत असे समजून त्यांना उघड्या हाताने शिवू नये. एमसीबी बंद करून, टेस्ट करून मगच जंक्शन बॉक्स उघडावा.

आमचा दोष चौथ्या विभागणीत सापडला. एका दिव्याच्या पत्र्याच्या झाकणाखाली तार चिरडली होती, आणि आदल्याच दुपारी तो दिवा बदलल्याची नोंद वॉचमनकाकांच्या रजिस्टरमध्ये होती. मी आधी विचारले असते, तर त्यांनी फोनवरच सांगितले असते.

तार बदलल्यावर बाकी सगळे दिवे ऐकू लागले, तो एक सोडून. नव्या ड्रायव्हरला पत्ता, म्हणजे लाइनवरचा ओळख क्रमांक, दिलेलाच नव्हता, त्यामुळे तो सर्वांसाठीची आज्ञा पाळत होता, पण त्याच्या गटाची नव्हे.