अर्धवट राहिलेली वाकळ पुरी करताना

आमच्या सांगली भागात गोधडीला वाकळ म्हणतात, आणि आईला आम्ही अक्का म्हणत असू. अक्का गेल्यानंतर वर्षश्राद्ध होईपर्यंत तिच्या लोखंडी ट्रंकेला कोणी हात लावला नाही. नंतर ती उघडली तेव्हा आतून तीन वाकळी निघाल्या. एक केवळ गठुळ्याच्या रूपात होती, म्हणजे जुनी लुगडी आणि कापून ठेवलेली ठिगळे. दुसरीचे थर अंथरून कच्च्या दोऱ्याने टाचलेले होते. तिसरी निम्मी शिवून झाली होती आणि तिची सुई शेवटच्या टाक्यात तशीच अडकलेली होती. ताईने आणि मी मिळून त्यांतल्या दोन पुऱ्या केल्या. मी पन्नाशीत पहिल्यांदा सुई धरली, त्यामुळे ज्याला शिवणकामाचा गंध नाही अशा माणसाला कोणत्या अडचणी येतात हे मला चांगले ठाऊक आहे.

सर्वांत आधी वाकळ धुण्याचा मोह आवरावा. अर्धवट वाकळीचे थर एकमेकांना पुरते बांधलेले नसतात. ओले झाल्यावर प्रत्येक थर आपापल्या परीने आटतो, आणि मग ते पुन्हा एकावर एक नीट बसत नाहीत. वास येत असेल तर सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस पसरून ठेवणे पुरेसे असते. कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागल्याची शंका असेल तर उलट बाजूने तास-दोन तास ऊन दाखवावे. मात्र 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरासारख्या पाण्यात भिजून गाळ बसलेली वाकळ असेल, तर धुण्यावाचून इलाज नसतो. अशा वेळी आधी चारी कडा आणि मध्यभाग लांब टाक्यांनी टाचून घ्यावा, आणि मगच ती पाण्यात घालावी. कामाला लागण्यापूर्वी भावंडांना विचारून घ्यावे, हेही याच टप्प्यावर सांगितलेले बरे, कारण शिवून झालेली वाकळ कोणाच्या घरी जाणार हा प्रश्न शेवटी निघाला तर तो जास्त बोचतो.

यानंतर वाकळ स्वच्छ फरशीवर दिवसाउजेडी अंथरून, तिच्याशेजारी बसून, आईचा हात वाचावा. या कामात घाई करू नये. आम्हाला त्यासाठी पूर्ण रविवार लागला. ओळी कडेपासून सुरू होऊन चौकोनात आत आत गेल्या आहेत की एका बाजूकडून दुसरीकडे सरळ गेल्या आहेत, कोपऱ्यावर ती डावीकडे वळली की उजवीकडे, दोन ओळींत किती अंतर आहे, दोरा एकेरी आहे की दुहेरी, हे सगळे वहीत लिहून ठेवावे. टाके मोजण्यासाठी वीत हे माप सोयीचे पडते. अक्काचे कडेकडचे टाके वितीत अठरा भरत होते. जसजसे आत यावे तसतसे ते सोळा, चौदा होत गेले, आणि सुई अडकली होती तिथल्या शेवटच्या वितीत ते अवघे अकरा होते, तेही थोडे तिरके. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता त्या महिन्यांतले ते टाके असावेत. तो भाग उसवून नीट शिवावा असे ताईचे म्हणणे होते, आणि माझे नेमके उलट. शेवटी निर्णय कापडानेच दिला: उसवलेल्या जागी जुन्या सुती कापडात सुईची छिद्रे तशीच राहतात, आणि नव्या टाक्यांची छिद्रे त्यांच्या शेजारी पडली की तेवढी पट्टी चाळणीसारखी होते. म्हणून जे टाके धरून आहेत ते कितीही वाकडे असले तरी उसवू नयेत.

कापडाची परीक्षा दोन अंगठ्यांनी होते. अंगठे शेजारीशेजारी ठेवून कापड हलकेच ताणावे. ताणा-बाणा विलग होऊन उजेड दिसू लागला तर ते लुगडे विरले आहे असे समजावे. विरलेले कापड आतल्या थरात चालते, पण वरच्या थरात चालत नाही. तिथे त्याच लुगड्याच्या काठाचे किंवा पदराचे ठिगळ लावावे, आणि ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी किमान दोन बोटे मोठे घ्यावे, म्हणजे टाका घट्ट कापडात पडतो. लाल आणि काळ्या रंगांची खात्री करण्यासाठी ओले पांढरे फडके त्यांवर दाबून पाहावे. हळदीचे डाग आमच्याकडच्या कोणत्याही जुन्या लुगड्यावर असतातच. ते साबणाने लालभडक होतात म्हणून घाबरू नये. साबण पुरता निघाला की डाग पुन्हा पिवळा होतो, आणि उन्हात तो आपोआप विटत जातो.

अडकलेली सुई गंजलेली असेल तर ती नाकाकडून मागे ओढू नये, कारण गंजाचा खरखरीतपणा जुने सूत तोडतो. आधी दोरा कापडाकडे चार बोटे राखून कापावा, आणि मग सुई टोकाच्या दिशेनेच हळूहळू पुढे काढून घ्यावी. उरलेले चार बोटांचे शेपूट जपावे, पुढचा सांधा त्यावरच बसतो. नवा दोरा आईच्या शेवटच्या तीन-चार टाक्यांना चिकटून, त्यांच्याच छिद्रांतून न्यावा, तिचे शेपूट दोन थरांच्या मधे सरकवावे आणि मग पुढे निघावे. गाठ वर ठेवू नये.

दोरा सुतीच घ्यावा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या लुगड्यापेक्षा चिवट असतो, आणि ताण आला की दोऱ्याऐवजी कापड तुटते. दाभणही वापरू नये. ते पोत्यासाठी आणि गादीसाठी ठीक आहे, विरलेल्या कापडाला त्याने भोके पडतात. लांब, बारीक सुई, बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, आणि दोऱ्यावरून फिरवायला मेणाचा तुकडा एवढे साहित्य पुरते. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा ओवला तर तो पिळतो. एकूण दोऱ्याचा अंदाज असा: पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद वाकळीत दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर एकूण शिवण सुमारे सव्वाशे मीटर भरते, म्हणून आत-बाहेर जाण्याची वाढ धरून एकेरी दीडशे मीटर आणि दुहेरी तीनशे मीटर दोरा हाताशी ठेवावा. रंग हुबेहूब जुळवण्याच्या मागे लागू नये. आम्ही जाणूनबुजून एक छटा फिकट दोरा घेतला, त्यामुळे अक्काचे टाके कुठे संपले हे नातवंडांनाही बोटाने दाखवता येते. टाक्याची लांबी स्वतःच्या हाताला सहज जमेल तीच ठेवावी, दिशा आणि ओळींमधले अंतर मात्र तिचेच ठेवावे, कारण ते बदलले तर कापडावरचा ताण बदलतो.

चौकोनात शिवलेल्या वाकळीत सगळे सैल कापड मध्याकडे ढकलले जाते आणि शेवटी तिथे झोळ पडतो. म्हणून टाचणीचे कच्चे टाके शेवटच्या ओळीपर्यंत काढू नयेत, आणि दर चार ओळींनंतर वाकळ जमिनीवर पसरून तळहाताने मध्यापासून कडेकडे निपटावी. झोळ दिसू लागलाच तर तो एकाच जागी न दाबता पुढच्या पाच-सहा ओळींत थोडा थोडा वाटून घ्यावा.

यंत्राविषयी एक अनुभव सांगतो. नुसती टाचलेली ती दुसरी वाकळ मी कामाच्या घाईत एका दुकानात शिवायला दिली. सात थरांवरून यंत्राचा पाय जाताना वरचा थर पुढे सरकत गेला, खालचा मागे राहिला, आणि वीतभरातच चुण्या पडून एक लुगडे सुईच्या रेषेवर फाटले. दुकानदाराने मला तेवढ्यावरच थांबवून परत पाठवले, त्याचे मी आजही आभार मानतो. ती वाकळ नंतर आम्ही हातानेच शिवली, आणि फाटलेल्या जागी अक्काच्या चोळीच्या खणाचे ठिगळ बसले.

केवळ गठुळे मागे राहिले असेल तर तिथे तुम्ही आईचे काम पुरे करत नसून स्वतःचे सुरू करत असता. ते करावे की गठुळे तसेच ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवावे. करायचेच असेल तर नऊ वारांचे लुगडे, म्हणजे सत्तावीस फूट, चौपदरी केले की पावणेसात फुटांची घडी होते आणि एकाच लुगड्यात चार थर मिळतात. खाली मांजरपाट, म्हणजे जाडे कोरे सुती कापड, घालणार असाल तर त्याची खळ जाईपर्यंत तो दोनदा धुऊन घ्यावा, नाहीतर पुढे तो आटून वाकळ वाटीसारखी वळते.

शिवण पुरी झाल्यावर कच्चे टाके काढावेत आणि कडा उसवल्या असतील तिथे मगजी, म्हणजे कडेची कापडी पट्टी, लावावी. कोणते लुगडे कोणत्या प्रसंगाचे हे मावशीला, आत्याला विचारून सुती पट्टीवर लिहावे आणि ती पट्टी मागच्या बाजूला शिवावी. वाकळ ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, जुन्या धोतरात गुंडाळावी, आणि दरवर्षी दसरा काढताना, म्हणजे दसऱ्याआधी घराची साफसफाई करताना, बाहेर काढून तिची घडी बदलावी, कारण वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले सूत त्या घडीवरच तुटते. आमचे गठुळे अजून ट्रंकेतच आहे. त्याचीही घडी आम्ही दर दसऱ्याला बदलतो.