कॉलेजच्या स्टेडियमवर कॉन्सर्ट ठेवायची म्हणताय? मग ही यादी घ्या, आणि आधी मैदानावरचं पाणी बघा

सगळ्यात आधी पाणी. स्टँडमधलं नाही हो, ते सहसा असतंच. मैदानावरचं. जिथे एरवी बावीस खेळाडू, रेफरी आणि कॅमेरावाले सोडून कोणी पाय ठेवत नाही तिथे कॉन्सर्टला हजारो माणसं दुपारपासून रात्रीपर्यंत उभी राहणार आहेत, आणि त्या लेव्हलला पब्लिकसाठी एकही नळ नसतो, एकही संडास नसतो, कारण स्टेडियम ज्यांनी बांधलं त्यांनी तिथे पब्लिक येईल असं धरलेलंच नव्हतं. आमच्याकडे गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं. टर्फ नवीन, स्क्रीन नवीन, लाइट नवीन, आणि खाली बाटल्यांचे बॉक्स हातगाडीवरून ढकलत नेतोय.

हे लिहितोय ते अमेरिकेत युनिव्हर्सिटीच्या फॅसिलिटीज किंवा अ‍ॅथलेटिक्सच्या ऑफिसात काम करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी (फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, आपला नाही). जुलै २०२५ पासून युनिव्हर्सिट्यांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, आणि तो पैसा आणायचा कुठून म्हणून सगळ्यांचं लक्ष वर्षातले सहा-सात शनिवार सोडून रिकाम्या पडलेल्या स्टेडियमवर गेलंय. त्यात जून २०२४ मध्ये टेक्सास ए अँड एमच्या काइल फील्ड स्टेडियमवर गायक जॉर्ज स्ट्रेटच्या शोला १,१०,९०५ लोक आले, सप्टेंबर २०२५ मध्ये मिशिगन स्टेडियमवर गायक झॅक ब्रायनच्या शोला १,१२,४०८. हे आकडे बघून साहेब लोक तुमच्या टेबलावर येऊन म्हणणार की आपणही करू. करा. पण मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे हे त्यांना सांगा आणि मैदानावरची माणसं पाणी कुठे पिणार हे विचारा.

आता हिशोब. अमेरिकन फुटबॉलचं मैदान एंड झोन (दोन्ही टोकांचे पट्टे) धरून ३६० बाय १६० फूट, म्हणजे ५७,६०० चौरस फूट. माणशी सात चौरस फूट धरले तर आठ हजार माणसं. स्टेज आणि साउंडवाल्यांचा मधला मनोरा वजा करा, साइडलाइनची जागा मिळवा, साधारण तेवढेच येतात. जून महिन्यात माणशी दोन लिटर पाणी धरलं तर सोळा हजार लिटर, म्हणजे आपल्याकडचे दहा हजारी टँकर दीडहून जास्त. हे बाटल्यांनी होत नाही. मी सांगतोय ना, होत नाही.

त्यामुळे स्टेडियमच्या रिनोव्हेशनचं ड्रॉइंग पहिल्यांदा टेबलावर येईल तेव्हाच पाण्याची लाइन घाला. टर्फ बदलताना मैदान खोदलेलं असतं, खडीचा थर उघडा असतो, तेव्हाच साइडलाइनच्या कडेने पाण्याची लाइन, सांडपाण्याची लाइन आणि केबलसाठी रिकामे पाइप टाकून घ्यायचे आणि वर झाकणवाले चेंबर ठेवायचे. तेव्हा हा खर्च एकूण बजेटमध्ये दिसतही नाही, नंतर मात्र नवीन टर्फ कापायला कोणी सही करत नाही. चेंबर खेळाच्या रेषेपासून लांब ठेवा, आणि फुटबॉल कोचला आधी दाखवा, नाहीतर ऑगस्टमध्ये तो आरडाओरडा करेल. लाइनवर उलटं पाणी शहराच्या मुख्य लाइनमध्ये जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह लागतो, त्याची तपासणी शहराचा माणूस करतो आणि त्याची तारीख लवकर मिळत नाही. आणि नळाखाली निचरा पाहिजे. बाटल्या भरताना जेवढं पाणी बाटलीत जातं तितकंच खाली सांडतं.

थंड राज्यात असाल तर अजून एक. बऱ्याच जुन्या स्टेडियममध्ये नोव्हेंबरचा शेवटचा सामना झाला की पाइप फुटू नयेत म्हणून सगळं पाणी काढून टाकतात आणि ते थंडी संपल्यावरच परत सुरू होतं. पेन स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या बीव्हर स्टेडियमच्या ७० कोटी डॉलरच्या कामात थंडीत पाणी चालू राहील अशी सोय आधी करून घेतली, म्हणून डिसेंबर २०२४ मधला प्लेऑफचा सामना तिथे होऊ शकला. तुमचा शो एप्रिल-मेमध्ये असेल तर पाणी कधी सोडणार, लाइन किती वेळ वाहती ठेवून साफ करणार आणि नमुना तपासायला कधी देणार, याच्या तारखा आत्ताच लिहून टाका. महिनोनमहिने बंद असलेल्या लाइनचं पाणी थेट लोकांना पाजायचं नसतं.

आणि कोणी म्हणालं की बाटल्या विकू, त्यातून पैसेही येतील, तर त्याला युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाची गोष्ट सांगा. सप्टेंबर २००७, कोरं करकरीत स्टेडियम, पहिला सामना, ऑरलँडोचं ऊन, आणि पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नाही. तीन डॉलरची बाटली, तीही मध्येच संपली. अठरा जणांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. नंतर पन्नास नळ बसवले. हे तर नुसत्या सामन्याचं झालं, स्टँडमध्ये बसलेल्या लोकांचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिओला टेलर स्विफ्टच्या शोमध्ये उष्णतेने एक तरुण मुलगी गेली आणि मग सरकारने आदेश काढला की लोकांना पाणी आत नेऊ द्या आणि फुकट पाणी ठेवा. असं झाल्यावर आदेश काढून काय उपयोग.

बरं, पुढे. ट्रक. मोठ्या शोचे ट्रक डझनांनी येतात, मागचा ट्रेलर ५३ फूट लांब आणि साडेतेरा फूट उंच. टीम जिथून पळत मैदानात येते तो बोगदा टीव्हीवर भारी दिसतो पण त्यातून हा ट्रक जातो का हे टेपने मोजा. ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका, वर नंतर लावलेले पाइप आणि स्प्रिंकलर ड्रॉइंगमध्ये नसतात. आणि नुसती उंची नाही, वळणही बघा. मिशिगनला तर एकच बोगदा आहे, २०२२ मध्ये तिथे दोन टीमच्या पोरांची मारामारी झाली, मग २०२३ ला ४५ सीट काढून तोंड रुंद केलं. तुमच्याकडे काम निघालंच आहे तर एका कोपऱ्यातून मैदानापर्यंत ट्रक जाईल असा रस्ता काढून घ्या. त्याच रस्त्याने अँब्युलन्सही येते.

त्याच्याच जोडीला बाहेर पडायचे रस्ते. स्टँडमधली माणसं वर चढून बाहेर जातात, मैदानावरची कुठून जाणार? कुंपणाला दोन फाटकं असतील तर ती आठ हजारांना पुरत नाहीत. फायर मार्शलला (आगीच्या सुरक्षेचा सरकारी अधिकारी) पहिल्या महिन्यातच बोलवा, शेवटच्या आठवड्यात बोलावलं तर तो तुमची तिकिटं कमी करेल आणि त्याचं बरोबरच असेल. नियमाने दर २५० माणसांमागे गर्दी सांभाळायचं ट्रेनिंग घेतलेला एक माणूस लागतो. २०२१ मध्ये ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोवर्ल्डच्या कॉन्सर्टमध्ये दहा जण चेंगरून गेले. बॅरिकेड कुठे, मोकळी वाट कुठे, शो कोण थांबवणार आणि त्याचं कलाकाराच्या माणसाशी थेट बोलणं कसं होणार, हे कागदावर नावानिशी पाहिजे. आणि त्याच नकाशावर पाण्याची ठिकाणंही दाखवा. बॅरिकेडच्या आतही. पुढच्या रांगेतला माणूस दुपारपासून धरलेली जागा पाण्यासाठी सोडत नाही, तो तहानलेलाच उभा राहतो आणि मग पडतो. हे आम्ही बघितलंय.

टर्फवर काय टाकायचं हा विषय लोकांना फार आवडतो, तासन्‌तास मीटिंग होतात. थोडक्यात: खरं गवत असेल तर वर टाकलेल्या पॅनेलखाली ते काही दिवसांतच पिवळं पडतं, म्हणून पॅनेल शेवटी टाका, आधी काढा, आणि नवीन गवताची ऑर्डर शोच्या आधीच देऊन ठेवा, मरेल का बघू असं म्हणत बसू नका. कृत्रिम असेल तर मरत नाही पण दबतं, जड चाकं जिथून जाणार तिथे जाड पॅनेल, आणि फोर्कलिफ्टवाल्याला जागेवर चाक फिरवू द्यायचं नाही. कृत्रिम टर्फ उन्हात साठ अंश सेल्सियसच्या वर तापू शकतं, म्हणजे रिहर्सलच्या दिवशी कामगारांनाही... हो, पाणी.

वीज. प्रमोटर (शो भरवणारी कंपनी) जनरेटर आणतो, पण धूर आणि आवाज नको असेल तर कामातच मैदानाजवळ कायमचं कनेक्शन घेऊन ठेवा. मोबाइल नेटवर्क स्टँडकडे तोंड करून लावलेलं असतं, मैदानाकडे नाही. तिकिटं फोनवर, पैसे फोनवर, नेटवर्क गेलं की सगळंच गेलं.

शेजारी. हे राजकारण आहे, इंजिनिअरिंग नाही. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीने आपलं रायन फील्ड स्टेडियम पाडून ३५ हजार सीटचं नवीन बांधायचं ठरवलं, जुन्यापेक्षा लहान, तरी तिथल्या एव्हन्स्टन गावात सगळं रण पेटलं ते कॉन्सर्टवरून. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या परवानगीवर नगर परिषदेत समसमान मतं पडली आणि महापौरांच्या मताने ती पास झाली, तीही वर्षाला सहाच. म्हणजे आधी झोनिंग (कुठल्या जागेवर काय करता येतं याचे शहराचे नियम) बघा, सामन्यांची परवानगी आहे म्हणजे कॉन्सर्टची आहे असं नसतं. लोकांना रात्री किती वाजता बंद करणार ते सांगा आणि त्या वेळेला बंद करा, दंड कलाकार भरेल असं कॉन्ट्रॅक्टमध्ये घाला. हादऱ्यांबद्दलही कोणीतरी विचारेलच. व्हर्जिनिया टेकला मे २०२५ मध्ये मेटॅलिका हा रॉक बँड आला, टीम ज्या गाण्यावर २००० सालापासून मैदानात येते तेच गाणं वाजलं आणि लोकांनी एवढ्या उड्या मारल्या की युनिव्हर्सिटीच्याच भूकंपमापकावर नोंद झाली. स्टँड जुना असेल तर तालावर उड्या मारणारी गर्दी तो पेलेल का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. सामना बघणारी माणसं टचडाउनला उठतात, ही दोन तास एका तालात नाचतात.

ट्रॅफिक. नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले, तिथे निदान हार्बर लाइन आहे. इथे कॉलेजच्या गावात ट्रेन नाही, हायवेला जायला एक रस्ता, आणि सामन्याला सकाळपासून हळूहळू येणारी गर्दी कॉन्सर्टला संध्याकाळी एकदम येते. पार्किंगवाल्यांना सामन्याचाच प्लॅन वापरू देऊ नका.

माणसं. सामन्याला जी विद्यार्थी पोरं आणि स्वयंसेवी संस्था स्टॉल चालवतात ती जूनमध्ये गावात नसतात. हे दरवेळी कोणाच्या तरी उशिरा लक्षात येतं. मार्चमध्येच नावं घ्या. आणि मे महिन्यातला पदवीदान समारंभ त्याच मैदानावर असतो, तारखा भिडवून बघा.

प्रमोटरचं कॉन्ट्रॅक्ट. भाडं, पार्किंग, खाणं, टी-शर्टवरचा वाटा, टर्फचं नुकसान, पाऊस आला तर काय, हे वकील बघतीलच. तुम्ही एकच वाक्य स्वतः घालून घ्या: मैदानावर फुकट पिण्याचं पाणी, किती ठिकाणी, कोणाच्या खर्चाने, आणि लोकांना रिकामी बाटली आत आणता येईल. प्रमोटरचा माणूस म्हणेल बाटल्या विकायचे हक्क दिलेत. नाही म्हणा. लग्नाचा हॉल ठरवला, केटरर ठरवला आणि पंगतीत पाणी कोण वाढणार ते कोणी विचारलंच नाही, तसं झालं होतं आमचं: त्यांना वाटलं आम्ही बघतोय, आम्हाला वाटलं ते. दोन्हीकडच्या ईमेलमध्ये शब्दच नव्हता. म्हणून लिहून घ्या, तोंडी ‘हो हो’ चालत नाही.

संडासचं वेगळं सांगत नाही, तोच हिशोब, तीच जागा. फक्त ते उपसणारी गाडी गर्दीतून येणार कशी तेवढं बघा.

हवामान. वीज चमकली की शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, आणि मैदानावरच्या लोकांना बसवायचं कुठे हे आधी ठरलेलं पाहिजे, कारण वरच्या लोकांना स्टँडखालचा भाग पुरतो, त्यात खालचे आठ हजार मोजलेले नसतात.

आदल्या दिवशी: पाण्याचे सगळे नळ एकदम उघडून बघा, एकेक नाही, एकदम, तेव्हाच प्रेशर कळतं. रेडिओ. फाटकांच्या किल्ल्या. अपंगांच्या जागा मैदानावरही. बॅगची पॉलिसी तिकिटावर छापलेली आहे ना, आणि त्यात रिकामी बाटली चालते असं लिहिलंय ना.

त्या दिवशी: एक माणूस फक्त पाण्यावर, दुसरं काही काम नाही. बाकी जे होईल ते होईल.

नंतर: ट्रक रात्रीच निघतात, शेजाऱ्यांना ते आधी सांगा. पॅनेल लगेच काढा. टर्फवरून लोहचुंबक फिरवा, खिळे-स्क्रू निघतात. प्रमोटरचा माणूस गावात असतानाच नुकसानीचे फोटो आणि त्याची सही. भाड्याच्या कुंपणवाल्याला सकाळीच फोन करून घेऊन जा म्हणावं, नाहीतर आठवड्याचं भाडं लावतो.