आज प्रार्थनेत काय बोलायचं? तारीख बघा

रोज प्रार्थनेला बसलं की तीच चार वाक्यं तोंडात येतात आणि मन भरकटतं. शब्द बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतून, म्हणजे 150 स्तोत्रांच्या संग्रहातून, उसने घ्या.

1. आजच्या तारखेत 30-30 मिळवत पाच आकडे काढा. 13 तारखेला 13, 43, 73, 103, 133.
2. पाचही स्तोत्रांवर अर्ध्या मिनिटात नजर फिरवा आणि आजच्या मनःस्थितीला जुळणारं एकच निवडा. देव विसरला असं वाटत असेल तर 13वं, आभार मानायचे असतील तर 103वं. घाई असेल तर 133वं, तीनच ओव्यांचं!
3. एक ओवी मोठ्याने वाचा, थांबा, तीच आपल्या शब्दांत देवाला सांगा. 13व्यात ‘किती वेळ?’ असा प्रश्न आहे. तिथे नोकरी, आजारपण, अबोला, जे अडलंय त्याचं नाव घ्या. काही सुचलं नाही तर पुढची ओवी.

दहा मिनिटं झाली की स्तोत्र अर्धं राहिलं तरी चालेल. 119वं मात्र 176 ओव्यांचं आहे. 29 तारखेला न घेता 31साठी ठेवा; रोज पाच धरली तर 150 स्तोत्रं 30 तारखांतच वाटली जातात, नाहीतर 31 तारीख रिकामी जाते.

एक सांभाळा: दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका. साठलेली स्तोत्रं संपवायच्या नादात नुसतं वाचन होतं, प्रार्थना राहून जाते.