युरोपातलं जुनं वाद्यसंगीत कसं ऐकावं: सुरुवात खर्जापासून

रागसंगीतावर वाढलेला कान युरोपातलं सोळाव्या-सतराव्या शतकातलं वाद्यसंगीत ऐकायला बसला की आधी मुख्य चाल शोधतो. एका व्हायोलिनवर ती सापडते न सापडते तोच दुसऱ्या वाद्यावर गेलेली असते. मग पाच-दहा मिनिटांत सगळं गोड पण एकसारखं वाटू लागतं आणि ऐकणारा दुसरं काहीतरी लावतो. दोष कानाचा नसतो. शिरायचं कुठून, हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. माझं ठाम मत आहे की या संगीतात वरून शिरू नये, खालून शिरावं. आधी पायांची लय धरावी, मग खर्जातली ओळ, आणि वरच्या चालींकडे त्यानंतरच जावं.

काळाचा अंदाज असावा म्हणून थोडं आधी सांगतो. 1500च्या आसपास युरोपात वाद्यं बहुतेक वेळा गाण्याच्या चाली वाजवत किंवा नाचाला साथ करत. 1501 मध्ये व्हेनिसला ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी, म्हणजे एकाच वेळी अनेक ओळी चालणारं, संगीत छापलं आणि 1507 मध्ये ल्यूट या तारा छेडून वाजवायच्या वाद्यासाठीचं पुस्तकही काढलं. छापील वह्या हातात आल्यावर शब्दांशिवाय उभं राहणारं संगीत घराघरांत पोहोचू लागलं. रेनेसाँ, म्हणजे प्रबोधनकाळ, साधारण 1600 पर्यंतचा. तिथून 1750 पर्यंतचा काळ बरोक. त्याच वर्षी संगीतकार योहान सेबास्टियन बाख गेला.

ऐकायला बसण्यापूर्वी

मोबाईलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. त्यात नेमका खर्जच ऐकू येत नाही, आणि आपल्याला धरायचाय तोच. साधे हेडफोनही चालतील. जवळ पेटी किंवा कीबोर्ड असला तर फार उत्तम. एक गोष्ट मात्र आधी माहीत असू द्या. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारी बरीच मंडळी आजच्यापेक्षा अर्ध्या स्वराने उतरलेली पट्टी घेतात. त्यामुळे रचना ‘डी’ची म्हणजे पांढरी दोनची असूनही ध्वनिमुद्रणातला सा तुम्हाला काळी एकला सापडेल. पेटी बिघडली असं समजू नका.

आणि एका वेळी एकच रचना ऐका, पण तीनदा. पहिल्यांदा फक्त लय धरा, दुसऱ्यांदा खर्ज, तिसऱ्यांदा बाकी सगळं.

पहिली पायरी: नाच ओळखा

तिलमान सुसातोने 1551 मध्ये अँटवर्पला छापलेल्या नाचांपासून सुरुवात करा. त्यातला एखादा पावान लावा. हा संथ, मिरवणुकीसारखा नाच, दोन-दोन मात्रांचा. त्याच्या ढोलाचा ठेका थ्वानो आर्बोने 1589 च्या नृत्यपुस्तकात लिहून ठेवला आहे: एक लांब ठोका, मग दोन आखूड. टेबलावर बोटांनी तो धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

पावानच्या मागोमाग बहुधा गॅलियार्ड येतो. हा तीन-तीन मात्रांचा, उड्या मारायचा नाच. सहा मोजा: पहिल्या चार मात्रांवर चार पावलं, पाचव्या मात्रेवर उडी, सहाव्या मात्रेवर जमिनीवर. त्या पाचव्या मात्रेवर संगीत कसं क्षणभर उचललं जातं ते ऐकण्यासारखं असतं. कित्येकदा दोन्ही नाचांची चाल एकच असते, म्हणजे जे आधी केरव्याच्या अंगाने गेलं तेच पुढे दादऱ्यात येतं. ही जोडी ओळखू आली की पुढे सुइट (अशाच नाचांची माळ) समजायला निम्मे कष्ट पडतात.

त्यानंतर जॉन डाऊलंडचे 1604 मधले ‘लाक्रिमे’ पावान ऐका. पाच व्हायोल आणि एक ल्यूट. व्हायोल दिसायला व्हायोलिनच्या कुळातली वाटते, पण ती मांडीवर किंवा गुडघ्यांत धरून वाजवायची आणि तिला पडदे असतात. सातही पावान एकाच उतरत्या स्वरसमूहाने सुरू होतात: सा, कोमल नि, कोमल ध, प. हे चार स्वर पेटीवर सावकाश वाजवून पाहा आणि मग ध्वनिमुद्रण लावा. इथे कुणी नाचत नाही. नाचाचा साचा तोच ठेवून डाऊलंडने त्यात दुःख भरलं आहे. या सगळ्या काळातली मला सर्वांत जवळची वाटणारी रचना हीच.

दुसरी पायरी: खर्जातली ओळ पाठ करा

इथे घाई करू नका, खरी किल्ली इथेच आहे.

तबल्याच्या एकल वादनात लेहरा फिरत राहतो आणि त्याच्यावर कायदे, रेले चढत जातात, हे आपल्याला सवयीचं आहे. युरोपात साधारण असंच काम खर्जातल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळीने केलं. दिएगो ओर्तिसने 1553 मध्ये रोमला छापलेल्या पुस्तकात अशा ठरलेल्या खर्जावर व्हायोल कशी खेळवावी याची उदाहरणं लिहून दिली. वाजवणाऱ्यांनी त्यांवरून शिकून पुढे आपल्या मनाने वाजवावं, हा त्याचा हेतू. बरोकमध्ये हीच युक्ती पासाकाल्या, चाकोन्ने अशा नावांनी फार पुढे गेली.

सरावासाठी योहान पाखेलबेलचा कॅनन घ्या. लग्नांत आणि जाहिरातींत वाजून वाजून तो गुळगुळीत झालाय खरा, पण शिकायला त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. खर्जात आठच स्वर आहेत, सगळे सारख्या लांबीचे, सगळे शुद्ध:

सा प ध ग म सा म प

पहिला सा वरचा, सहावा सा खालचा आणि बाकीचे स्वर त्या दोघांच्या मध्ये. ही ओळ अठ्ठावीस वेळा येते, आणि एकदाही बदलत नाही. पहिल्यांदा ती एकटीच ऐकू येते. दुसऱ्या फेरीला पहिलं व्हायोलिन वर येतं: ग रे सा नि ध प ध नि. तिसऱ्या फेरीला दुसरं व्हायोलिन हेच स्वर घेऊन येतं, तोवर पहिलं पुढे गेलेलं असतं. चौथ्या फेरीला तिसरं. म्हणजे तिन्ही व्हायोलिनांची चाल एकच, फक्त एकेका फेरीच्या अंतराने. तुम्ही तोंडाने ‘सा प ध ग म सा म प’ म्हणत राहा आणि कान मात्र वर ठेवा. पहिल्यांदा तोंड किंवा कान, दोघांपैकी एक सुटेल. दोन्ही एकत्र टिकले की हे संगीत तुमचं झालं.

मग आर्कान्जेलो कोरेल्लीच्या 1700 मध्ये छापलेल्या व्हायोलिन सोनाटांतली (सोनाटा म्हणजे गाण्यासाठी नाही, वाद्यांसाठी लिहिलेली रचना) शेवटची रचना, ‘ला फोलिया’. हा खर्ज त्याचा स्वतःचा नाही. त्याच्या आधीपासून कित्येकांनी वापरलेला तो साचा आहे. तीन मात्रांच्या सोळा गटांची चाल, आठ-आठचे दोन भाग. पहिला भाग प वर येऊन अडखळतो, दुसरा सा वर येऊन मिटतो. प आणि सा एवढ्या दोन थांब्यांवर लक्ष ठेवलंत तर व्हायोलिनने मध्ये कितीही तानबाजी केली तरी तुम्ही कुठे आहात ते कळत राहील.

तिसरी पायरी: दोन आवाज एकाच वेळी

इथवर खर्ज स्थिर होता. आता सगळेच हलायला लागतात.

रिचरकार, फँटेशिया आणि कान्त्सोना हे रेनेसाँमधले प्रकार गाण्याच्या बहुस्वरी रचनांवरून आले. एक आवाज एक ओळ मांडतो, दुसरा तीच घेऊन मागून येतो. रिचरकार गंभीर आणि संथ असतो. कान्त्सोना चपळ, आणि तिची सुरुवात बहुधा ‘लांब-आखूड-आखूड’ अशीच होते, त्यामुळे ती चटकन ओळखता येते. व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये जोव्हान्नी गाब्रिएलीने वादकांचे गट वेगवेगळे ठेवून एकमेकांना उत्तरं द्यायला लावली. 1597 मध्ये छापलेल्या त्याच्या ‘सोनाटा पियान ए फोर्ते’त कुठे हळू आणि कुठे मोठ्याने, हे स्पष्ट लिहिलं आहे. असं लिहिणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी ती एक. डाव्या-उजव्या कानातला फरक दाखवणारं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच घ्या.

रिचरकारातूनच पुढे फ्यूग आला. त्यासाठी बाखचा ऑर्गनवरचा जी मायनर (मायनर म्हणजे कोमल ग असलेली स्वरपट्टी) फ्यूग, ज्याला ‘छोटा’ म्हणतात, तो लावा. विषय, म्हणजे त्याची मूळ ओळ, असा सुरू होतो: सा, वरचा प, कोमल ग, रे, सा. आधी सगळ्यात वरचा आवाज हा एकटा म्हणतो. दुसरा आवाज खालून येतो, पण तो सा वरून नाही, प वरून. तिसरा पुन्हा सा वरून, आणखी खाली. चौथा प वरून, तोही पायांनी. नाट्यसंगीतातल्या ऑर्गनला पाय फक्त भाता चालवतात. चर्चच्या ऑर्गनमध्ये पायांसाठी वेगळी स्वरपट्टीच असते, आणि ती पायांची ओळ खोलीच्या जमिनीतून आल्यासारखी ऐकू येते. सा, प, सा, प असे चार प्रवेश बोटांवर मोजा. पुढे विषय मध्येच कुठून तरी डोकं काढेल तेव्हा ‘हा आला’ असं वाटलं पाहिजे.

दोन ओळी एकत्र ऐकण्याची सवय आपल्याला अजिबात नाही, असं मात्र नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून युरोपीय संगीत शिकवलं जाई, आणि त्या परंपरेत तयार झालेले गोव्याचे वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. जुन्या हिंदी गाण्यांत गायिकेच्या ओळीखालून व्हायोलिनांची वेगळीच ओळ वाहत असते ना, तोच हा कान.

टोकाटा, म्हणजे ऑर्गनसारख्या वाद्यावर मोकळेपणाने वाजवायची रचना, याच्या अगदी उलट. तिथे काही मोजू नका. जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी रोमच्या सेंट पीटर्समध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याने 1615 च्या टोकाटांसोबत लिहूनच ठेवलं की ठोका कडक धरू नये, भावाप्रमाणे कुठे रेंगाळावं, कुठे धावावं. आलाप ऐकता तसं ऐका.

चौथी पायरी: सोनाटा आणि सुइट

ट्रायो सोनाटात ओळी तीन आणि वादक बहुधा चार, हे आधीच कळलेलं बरं. वर दोन व्हायोलिन, खाली एक खर्ज. तो खर्ज चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जाचं वाद्य) वाजवतो आणि त्यावरच हार्पसिकॉर्ड (पट्ट्या दाबल्या की तारा छेडणारं वाद्य) किंवा ऑर्गनवाला स्वर भरतो. त्याच्या कागदावर फक्त खालची ओळ आणि तिच्याजवळ काही आकडे असतात. कुठले स्वर घ्यायचे ते आकडे सांगतात, कसे मांडायचे ते वाजवणारा त्या क्षणी ठरवतो. म्हणूनच दोन वेगळ्या चमूंची तीच रचना ऐकली की मधला भराव निराळा निघतो. कोरेल्लीचा 1681 चा पहिला संच घ्या. त्यातल्या सोनाटा बहुधा संथ-जलद-संथ-जलद अशा चार भागांच्या.

सुइट म्हणजे नाचांची माळ: आलमांद, कुरांत, साराबांद, जिग. बाखच्या एकल चेलोच्या सहा सुइट त्यासाठी पुरेशा आहेत. साराबांदमध्ये वजन दुसऱ्या मात्रेवर झुकतं, तेवढं पकडा.

पाचवी पायरी: परत येणारी ओळ

कॉन्चेर्टोत एक वादक किंवा छोटा गट एका बाजूला आणि सगळा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला. अंतोनियो विवाल्दीच्या 1725 मध्ये छापलेल्या ‘चार ऋतूं’मधल्या ‘वसंता’चा पहिला भाग घ्या. सुरुवातीला वाद्यवृंद दोन ओळी मांडतो, प्रत्येक आधी मोठ्याने, मग हळू. त्यांतली दुसरी ओळ लक्षात ठेवा, कारण पुढे परत येते ती तीच. पहिली पुन्हा येत नाही. मध्ये पक्षी येतात, तीन व्हायोलिनांवर. मग ओळ. झरा, ओळ. वादळ, ओळ. वादळानंतर ती ओळ मायनरमध्ये, जरा मलूल होऊन येते, आणि मग पक्षी पुन्हा. प्रत्येक वेळी ओळ आली की कागदावर एक रेघ मारा.

हे सगळं जमलं की बाखचा ऑर्गनवरचा सी मायनर पासाकाल्या लावा. कोमल ग आणि कोमल ध धरून त्याचा खर्ज आधी पेटीवर बसवा: सा, प ग म प ध म प, रे ग नि सा म प सा. पाय ही ओळ आधी एकट्यानेच वाजवतात, मग तिच्यावर वीस रूपं येतात. मध्यावर एका ठिकाणी खर्ज एकदम नाहीसा झाल्यासारखा वाटेल. घाबरू नका, ओळ सुटलेली नाही, ती पायांतून निघून सगळ्यात वरच्या आवाजात गेली आहे. थोड्याच वेळात ती पुन्हा खाली येते, आणि वीस रूपं संपल्यावर तिचाच पहिला अर्धा भाग घेऊन बाख फ्यूग सुरू करतो.