रेडमधला डेटा बिघडलाय? रिपेअर दाबायच्या आधी या चुका टाळा

नाशिकमध्ये आता फोटो स्टुडिओ म्हणा, सीएची ऑफिसं म्हणा, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधले ड्रॉइंगचे सर्व्हर म्हणा, सगळीकडे रेडचे, म्हणजे चार-चार डिस्क एकत्र जोडलेले, डबे आलेत, आणि सगळीकडे त्याच त्या चुका बघून बघून वैताग आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मला फोन येईपर्यंत बहुतेक वेळा डिस्कने जेवढं नुकसान केलंय त्याच्यापेक्षा जास्त माणसाने केलेलं असतं, ते पण तासाभरात, घाईघाईत, कुठलातरी व्हिडिओ बघून.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रेड ५ (डेटासोबत पॅरिटी, म्हणजे हिशोबाने काढलेला जादा भाग, सगळ्या डिस्कवर पसरून ठेवणारा) किंवा मिरर (दोन डिस्कवर तीच प्रत) असला की एक डिस्क मेली तर डेटा वाचतो. डिस्क खोटं बोलायला लागली तर मात्र वाचेलच असं नाही. मेलेली डिस्क वाचायला नकार देते, त्यामुळे कुणाला बाजूला काढायचं ते रेडला कळतं. पण डिस्क जिवंत आहे, एरर काही देत नाही आणि हातात भलतेच बाइट ठेवते, तेव्हा लिनक्सच्या एमडी, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेल्या, रेडला फार तर एवढंच कळतं की दोन्हीकडचं जुळत नाही, बरोबर कोण आणि चूक कोण हे ठरवायला त्याच्याकडे काही नसतंच. आणि हे कुठेतरी लाखात एकदा होतं असं समजू नका, २००८ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १५.३ लाख डिस्क ४१ महिने बघितल्या होत्या आणि त्यात चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळल्याच्या ४ लाखांहून जास्त घटना सापडल्या.

झेडएफएस (एक फाईलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवणारी व्यवस्था) इथेच वेगळं पडतं. सन मायक्रोसिस्टम्सने २००५ मध्ये ते सोलारिस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या सोर्समध्ये आणलं. त्यात प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकच्या शेजारी नाही तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो, वरच्याचा त्याच्या वरच्यात, असं थेट मुळापर्यंत. त्यामुळे डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात लिहिलंच नाही, किंवा भलत्याच जागचा ब्लॉक आणून दिला, तरी पकडला जातो, कारण जुना ब्लॉक स्वतःशी कितीही जुळत असला तरी वरच्याने लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळत नाही. मग ते दुसरी प्रत वाचतं, ती जुळली तर ती तुम्हाला देतं आणि खराब जागी बरोबर डेटा परत लिहून टाकतं. बीटीआरएफएस ही दुसरी फाईलसिस्टम पण चेकसम ठेवते, वेगळ्या ट्रीमध्ये. ईएक्सटी फोर आणि एक्सएफएस मेटाडेटाचा, म्हणजे फाईलींच्या नावा-जागांच्या नोंदींचा, ठेवतात, तुमच्या फोटोतल्या बाइटचा ठेवत नाहीत. म्हणजे ईएक्सटी फोरवर एफएससीके (फाईलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) क्लीन आला याचा अर्थ फोल्डर-फाईलींचा सांगाडा नीट आहे एवढाच, फाईल आतून नीट आहे असा नाही.

सगळ्यात मोठी चूक: काय झालंय ते कळायच्या आधीच डिस्कवर लिहायला लागणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण याच्यापायी लोकांचं कायमचं गेलंय.

कॉलेज रोडला एक स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतात आणि २०१५ च्या सिंहस्थाचे रामकुंडावरचे हजारो फोटो त्यांच्याकडे आहेत. चार डिस्कचा रेड ५, लिनक्स एमडी, वर ईएक्सटी फोर. पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट तीन-चार वेळा गेली-आली आणि नंतर अॅरे (चारही डिस्कचा जोड) सुरूच होईना. त्यांच्याकडे कॉम्प्युटरचं बघणाऱ्या मुलाने नेटवर शोधलं आणि एमडीएडीएमने (एमडी रेड सांभाळायची कमांड) चारही डिस्कवर क्रिएट, म्हणजे अॅरे नव्याने बनव, असं मारलं, अझ्युम-क्लीन लावून, म्हणजे सगळं आधीच जुळलेलं आहे असं समज. अॅरे उठला, मुलगा खूश. माउंट करताना तक्रार आली म्हणून एफएससीके चालवलं, मागे डॅश वाय, म्हणजे विचारशील त्या सगळ्याला हो. मी गेलो तेव्हा लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डर नुसत्या नंबरांच्या फाईलींनी भरलेला होता आणि मालक म्हणाले, "दादा, फोटो उघडतायत पण मध्येच पट्टे येतायत, असं कसं?"

झालं होतं असं. त्या चारपैकी एक डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच अॅरेतून बाहेर पडली होती. डिग्रेडेड अॅरे (एक डिस्क कमी) म्हणून मेलही येत होते, पण ते त्या मशीनवरच्या रूटच्या, म्हणजे अॅडमिन खात्याच्या, मेलबॉक्समध्ये जाऊन पडत होते, तिथे कोण बघतंय. तीन डिस्कवर काम चालू होतं. त्या संध्याकाळी दुसरी डिस्क पडली, तिच्यावर थोडे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता येत नव्हते एवढंच, बाकी डेटा ताजा होता. एमडी प्रत्येक डिस्कवर इव्हेंट काउंट, म्हणजे बदलांचा चढता आकडा, लिहून ठेवतं आणि मागे राहिलेल्या डिस्कचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप कमी असतो, एमडीएडीएम एक्झामिन केलं असतं तर दहा सेकंदात दिसलं असतं की ही डिस्क शिळी आहे, हिला घ्यायचं नाही. क्रिएट मारल्यावर चारही डिस्कवर नवीन सुपरब्लॉक (अॅरेची माहिती ठेवणारा ब्लॉक) लिहिला गेला, काउंट नव्याने सुरू, आणि कोण शिळं कोण ताजं याचा पुरावाच पुसला गेला. शिळी डिस्क कुठली ते मला शेवटी रूटच्या त्या न वाचलेल्या मेलांवरूनच काढावं लागलं.

आता पट्टे का आले ते बघा. रेड ५ मध्ये फाईलचे चंक, म्हणजे तुकडे, चारही डिस्कवर फिरत जातात, म्हणजे साधारण दर चारपैकी एक चंक त्या शिळ्या डिस्कवरून येत होता. ती डिस्क पडायच्या आधी लिहिलेल्या आणि नंतर हात न लावलेल्या फाईली तिच्यावरही बरोबरच होत्या, म्हणून कुंभाचे फोटो आतून चांगले निघाले. नंतरच्या प्रत्येक रॉ फाईलमध्ये मात्र चौथा हिस्सा त्या जागी आधी जे काही पडलेलं होतं ते. तरीसुद्धा इथपर्यंत सगळं परत येण्यासारखं होतं, कारण अझ्युम-क्लीनने डेटाला हात लावला नव्हता. घात केला तो एफएससीकेने. त्याला समोर अर्धं ताजं अर्धं शिळं असं फोल्डरांचं चित्र दिसलं आणि त्याने इमानेइतबारे ताजं कापून शिळ्याशी जुळवून घेतलं, वर ते पॅरिटीसकट डिस्कवर लिहिलं. कुंभाच्या फोटोंची नावं आणि फोल्डर गेले, ते तारखांवरून हाताने लावत बसावं लागलं, आणि त्या सीझनमधल्या काही लग्नांचे ओरिजिनल कायमचे गेले. नवरीच्या वडिलांना मालकांनी माझ्यासमोर फोन केला होता, तो मी विसरलेलो नाही.

असं काही झालं की माझी पद्धत ठरलेली आहे. पहिली गोष्ट म्हणजे मशीन रिस्टार्ट करत बसायचं नाही. प्रत्येक डिस्कचं एक्झामिन आणि स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो) रिपोर्ट पेन ड्राइव्हवर काढून घ्यायचा. ज्या डिस्कवर पेंडिंग, म्हणजे वाचता न येणारे, सेक्टर आहेत तिची जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब डिस्कसाठीच्या कॉपी प्रोग्रामने नवीन डिस्कवर कॉपी, मॅपफाईल देऊन, म्हणजे मध्ये लाईट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे. मग सगळे प्रयोग डिव्हाइस मॅपरच्या ओव्हरलेवर करायचे, म्हणजे मूळ डिस्कवर एक बाइट लिहिला जात नाही, चुकलं तर ओव्हरले फेकून परत पहिल्यापासून. माउंट रीड-ओन्ली, आणि लक्षात ठेवा, ईएक्सटी फोरला नुसतं रीड-ओन्ली दिलं तरी ते जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) डिस्कवर उतरवतं, सोबत नोलोड द्यावं लागतं, एक्सएफएसला नोरिकव्हरी. याला वेळ लागतो. मोठ्या डिस्कची कॉपी व्हायला रात्र जाते, आणि ज्याला तेवढी रात्र थांबवत नाही त्याने डिस्कला हात लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. "सर, काहीतरी फोर्सचा ऑप्शन असेल ना?" असतो. शेवटी वापरायचा असतो, ओव्हरलेवर.

याच जातीतल्या बाकीच्या चुका एका दमात सांगतो. एमडीच्या सिंक अॅक्शन या तपासणीच्या सेटिंगमध्ये चेकच्या ऐवजी रिपेअर लिहिणं: मिसमॅच दिसला की रिपेअर मिररमध्ये एक प्रत उचलून दुसरीवर लिहितं आणि रेड ५ मध्ये डेटा खरा मानून पॅरिटी नव्याने काढतं, डेटाच खराब असला तर तो खराबच पक्का होतो. मिररवर स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर निरुपद्रवी मिसमॅचही दिसतात, घाबरू नका, आधी शोधा. बीटीआरएफएसवर चेकला रिपेअर लावू नका, त्याच्या मॅन्युअलमध्येच धोक्याची सूचना आहे, आधी स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम तपासणं) करा. आणि बीटीआरएफएसचं रेड ५-६ डेटासाठी घेऊच नका. एक्सएफएस रिपेअरला डॅश कॅपिटल एल म्हणजे लॉग फेकून देणं, शेवटचे बदल जातात. झेडएफएसचा पूल (त्याच्या डिस्कचा गट) इम्पोर्ट होत नसेल तर आधी रीड-ओन्ली इम्पोर्ट करून बघा, डॅश कॅपिटल एफ मागच्या काही ट्रान्झॅक्शन टाकून देतं, त्याच्यासोबत आधी डॅश एन लावून काय होईल ते विचारा.

चेकसम एरर दिसली की डिस्कच बदलायची

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी सवय ही. झेडएफएसच्या झेडपूल स्टेटस कमांडमध्ये तीन रकाने असतात, रीड, राइट, चेकसम. रीडमध्ये आकडे म्हणजे डिस्क वाचून द्यायला नाही म्हणतेय. चेकसममध्ये आकडे म्हणजे वाचून दिलं पण चुकीचं दिलं, आणि ते चुकीचं डिस्कपासून मेमरीपर्यंत वाटेत कुठेही झालं असू शकतं.

अंबडला एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या सर्व्हरवर मिररच्या दोन्ही बाजूंना चेकसम एरर येत होत्या. विकणाऱ्याने एक डिस्क बदलून दिली, आठवड्याने परत आकडे, मग दुसरी बदलली, परत तेच, आणि दरम्यान कुणीतरी रोज सकाळी झेडपूल क्लिअर मारून आकडे शून्य करत होतं म्हणजे साहेबांना दिसायला नको. दोन वेगवेगळ्या डिस्कना एकाच आठवड्यात एकच आजार होत असेल तर दोघींमध्ये कॉमन काय आहे ते बघा ना. स्मार्टमधला १९९ नंबरचा आकडा, सीआरसी एरर काउंट, दोन्हीकडे चढत होता, तो केबलच्या वाटेवरची गडबड सांगतो. डबा उघडला तर दोन्ही डिस्कना करंट एकाच स्वस्तातल्या स्प्लिटरमधून, आणि त्याची एक पिन काळी पडलेली. स्प्लिटर काढला, दोन्ही डिस्क थेट पॉवर सप्लायच्या वेगळ्या वायरींवर घेतल्या, डेटा केबल नवीन टाकल्या, क्लिअर मारलं, स्क्रब केला, शून्य. पुढच्या महिन्याच्या स्क्रबलाही शून्य. काढून टाकलेल्या दोन्ही डिस्क मी तपासल्या, दोन्ही धडधाकट होत्या.

१९९ चढत नसेल आणि तरी सगळ्या डिस्कवर एरर असतील तर मेमरी, रात्रभर मेमटेस्ट लावा. परवडत असेल तर सर्व्हरला ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी) रॅम घ्याच, कारण मेमरीत बिघडलेल्या बाइटचा चेकसम काढला गेला तर तो बिघाड "बरोबर" म्हणूनच लिहिला जातो आणि पुढे कुठलाही स्क्रब तो पकडत नाही. १९७ चढत असेल, म्हणजे पेंडिंग सेक्टर, तर मग खरंच डिस्क.

स्क्रब न करणं

दुरुस्ती वाचतानाच होते. तीन वर्षं कुणी न उघडलेली फाईल तीन वर्षं कुणी तपासलेली नाही. एक डिस्क मेली आणि रिबिल्ड, म्हणजे नवीन डिस्कवर डेटा परत भरणं, चालू असतानाच दुसऱ्या डिस्कवरचा तो जुना खराब सेक्टर समोर येतो, हेच सगळ्यात जास्त बघायला मिळतं. महिन्यातून एकदा पुरे. डेबियन या लिनक्सवर एमडीचा चेक महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि झेडएफएसचा स्क्रब दुसऱ्या रविवारी आपोआप लागलेला असतो, फक्त मशीन चालू पाहिजे, रविवारी मेन स्विच बंद करून जाणाऱ्या ऑफिसात तो कधीच पूर्ण होत नाही. तिथे मी बुधवारी रात्री लावतो. आणि मेल रूटला नाही, मालकाच्या मोबाईलवर दिसेल अशा पत्त्यावर.

बाकीच्या, पटापट

साध्या डेस्कटॉप डिस्क रेडमध्ये टाकल्या तर एक खराब सेक्टर वाचायला डिस्क दोन-दोन मिनिटं झगडते, लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून लिंक रिसेट करतं आणि चांगली डिस्क बाहेर पडते. स्मार्टसीटीएल कमांडने एससीटी ईआरसी (डिस्कने किती वेळ झगडायचं ती मर्यादा) ७० लावा, म्हणजे ७ सेकंद, आणि ते स्टार्टअपमध्ये टाका कारण बऱ्याच डिस्क पॉवर गेली की विसरतात. डिस्कला ते जमतच नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० करा.

एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क घेऊ नका, रिबिल्डला रडवतात. बॉक्सवर लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबरवरून शोधा.

जागा वाढवायला झेडपूल अॅडने एकटी डिस्क जोडू नका. रेड-झेडच्या (झेडएफएसचा पॅरिटीवाला रेड) पूलमधून ती परत काढता येत नाही, आणि ती गेली की अख्खा पूल गेला. कमांड आधी डॅश एनने बघा.

झेडएफएस एकाच डिस्कवर असेल तर ते चूक सांगेल, दुरुस्त कशातून करणार?

स्टेटसला डॅश व्ही लावल्यावर फाईलींची नावं आली तर त्या फाईली बॅकअपमधून परत आणा आणि स्क्रब करा, नावं कधीकधी दुसऱ्या स्क्रबनंतर जातात. बॅकअप वेगळ्या मशीनवर हवा, कारण झेडएफएसमध्येही बग निघतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये असाच एक समोर आला होता, कॉपी केलेल्या फाईलींत मध्येच शून्यं भरली जायची आणि त्या शून्यांचा चेकसम एकदम बरोबर असायचा, स्क्रब क्लीन. तो २.२.२ या आवृत्तीत दुरुस्त झाला.

आणि डिस्क लावायच्या दिवशीच ट्रेवर सिरियल नंबर लिहून चिकटवा. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए-एसडीबी ही नावं रिस्टार्टनंतर बदलतात, आणि डिग्रेडेड अॅरेतून चुकीची डिस्क ओढली की तिथेच संपलं. मला फोन करायच्या आधी त्या ट्रेंचा एक फोटो, चारही डिस्कचं एक्झामिन, स्मार्ट, आणि लाईट कधी गेली होती ते, एवढं पाठवा, आणि मी बघेपर्यंत मशीनला हात लावू नका.