तळपायाची चामखीळ जात नाही? या चुका टाळा

तळपायाच्या चामखिळीबद्दल कोणी विचारलं की मी आधी दोनच प्रश्न विचारते. औषध लावण्याआधी घासता का? आणि न चुकता किती आठवडे लावलंय? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. दुसऱ्याचं असतं, ‘दहा-बारा दिवस झाले, काहीच फरक नाही’. सगळं घोडं इथेच अडतं.

त्याआधी एक खात्री करून घ्या, की ती चामखीळच आहे. कुरूप समजून महिनोनमहिने मऊ गाद्या चिकटवणारे कितीतरी लोक मी पाहिलेत. गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली आणि कळ आली, तर बहुधा चामखीळ. वरून सरळ दाबल्यावर जास्त दुखलं, तर बहुधा कुरूप. शिवाय बोटांच्या ठशांसारख्या ज्या बारीक रेषा तळपायावर असतात, त्या कुरुपावरून सलग जातात. चामखिळीपाशी त्या तुटतात आणि तिला वळसा घालतात. वरचा थर घासल्यावर काळे ठिपके दिसले तर बहुधा चामखीळच. ते ठिपके म्हणजे घाण नाही की बी नाही. बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे ते.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक: न घासता औषध लावणं. चामखीळ होते एचपीव्ही या विषाणूमुळे, आणि तो त्वचेच्या वरच्या थरातच राहतो. पण तळपायावर आपलं सगळं वजन पडतं, त्यामुळे चामखीळ आत दाबली जाते आणि वर घट्ट्यासारखी जाड कातडी चढते. औषधातल्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा थेंब त्या मेलेल्या कातडीवर पडतो, तिथेच सुकतो. कालच्या थरावर आजचा थर, त्यावर उद्याचा. खाली विषाणू सुखात.

मी हे रात्री करते, कारण सकाळच्या घाईत ते नीट होत नाही हे मला ठाऊक आहे. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं पाय बुडवायचा. कातडी पांढरी, फुगीर झाली की कानशीने हलक्या हाताने घासायची. ओला पांढरा भुगा निघत राहतो. दुखायला लागलं किंवा लालसर दिसलं की तिथेच थांबायचं. रक्त येता कामा नये. मग पाय पूर्ण कोरडा करायचा, भोवतीच्या चांगल्या कातडीवर पेट्रोलियम जेलीचं कडं काढायचं आणि मधोमध एकच थेंब. तो सुकला की वर चिकटपट्टी. एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ज्यांना हा वेळ द्यायचा नाही, त्यांनी औषध बदलून काही होणार नाही.

आणि चामखीळ घासायची कानशी किंवा वजरी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. टाचेला नाही, नखांना नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाला तर मुळीच नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल कळकळीने सांगते. माझ्या उजव्या टाचेवर मसुराएवढी चामखीळ होती. सहाव्या आठवड्यात दुखणं पूर्ण थांबलं. जागा सपाट झाली, बोट फिरवलं तर काही लागेना. मला वाटलं, गेली. मी सगळं बंद केलं. दीड महिन्याने चालताना पुन्हा तोच खडा टोचल्यासारखा भास. उजेडात पाय धरून पाहिला, तर जुनी जागा होतीच, आणि तिच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन नव्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी तेरा आठवडे लागले. दुखणं थांबलं याचा अर्थ फक्त उंचवटा झिजला, एवढाच. विषाणू असलेला थर शिल्लक असतो. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: काळे ठिपके पूर्ण जाऊन तळपायाच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग दिसेपर्यंत थांबायचं नाही. दर रविवारी टॉर्च लावून बघते. बारा आठवडे धरून चाला, त्याआधी गेली तर आनंदच.

‘मूळ’ उपटायच्या नादात ब्लेड हातात घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, तसं करू नका. चामखिळीला मूळ नसतंच. ब्लेडने रक्त येतं, जखम पिकते आणि विषाणू शेजारच्या कातडीत पसरतो.

गोठवून एका फटक्यात जाईल, हाही असाच समज. घरी वापरायचे स्प्रे उणे 57 अंश सेल्सियसच्या आसपास पोचतात, दवाखान्यातला द्रव नायट्रोजन उणे 196 ला. आणि तरीही, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 240 जणांवरच्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर द्रव नायट्रोजन आणि 50 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड या दोन्ही गटांत जेमतेम 14 टक्के लोकांच्या चामखिळी पूर्ण गेल्या होत्या. इतकं चिवट दुखणं आहे हे. म्हणून महागड्या झटपट उपायांच्या मागे धावणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

कातडी लाल होऊन आग होत असेल तर दोन-चार दिवस थांबा, मग पुन्हा सुरू करा. ओल्या सार्वजनिक फरशीवर अनवाणी फिरू नका. खपली नखाने खरवडू नका.

मधुमेह असेल, पायाला रक्तपुरवठा कमी असेल किंवा पाय बधिर असतील, तर वरचं काहीही घरी करू नका. अ‍ॅसिडने झालेली जखम अशा पायात कळतही नाही आणि लवकर भरतही नाही. बाकीच्यांनीही तीन महिने नेटाने करून फरक नसेल, गाठ आपोआप रक्ताळत असेल किंवा रंग-आकार बदलत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. तळपायाचा मेलानोमा हा कर्करोग कधीकधी चामखिळीसारखाच दिसतो, आणि तिथे उशीर परवडत नाही.

लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या चामखिळी साधारण दोन वर्षांत बहुतेक वेळा आपोआप जातात. दुखत नसेल, तर मूल रडत असताना त्याचा पाय धरून अ‍ॅसिड लावायची काही गरज नाही. पोहायला जाताना वॉटरप्रूफ पट्टी लावा, टॉवेल वेगळा ठेवा आणि महिन्यातून एकदा तळपाय उजेडात बघा.