बालीला जाताना: कचऱ्याचा मोसम, भटके कुत्रे आणि माकडं

बालीच्या सहलीत ज्या दोन गोष्टींनी लोक हैराण होतात, त्या दोन्हींचा बंदोबस्त इथूनच, तिकीट काढतानाच करता येतो. एक म्हणजे किनाऱ्यावरचा कचरा. दुसरी म्हणजे कुत्रा किंवा माकड चावण्याची भीती. पहिलीसाठी महिना आणि किनारा नीट निवडायचा, दुसरीसाठी निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जायचं.

आधी किनारा. डिसेंबर ते मार्च हा बालीचा भर पावसाळा. या दिवसांत वारा पश्चिमेकडून वाहतो, नद्या-ओढे काठावरचं सगळं प्लास्टिक समुद्रात नेतात आणि समुद्र ते पश्चिम किनाऱ्यावर परत आणून टाकतो. कुटा, लेगियन, सेमिन्याक, जिंबरान, केडोंगानान हे सगळे पश्चिमेकडे तोंड असलेले किनारे. पहाटे ट्रॅक्टर लावून वाळू साफ करतात, पण पुढच्या भरतीला पुन्हा बाटल्या, पिशव्या, बांबूचे तुकडे, लाकडं येऊन पडतात. नाताळच्या सुट्टीत ‘विमानतळाजवळ आहे, स्वस्त आहे’ म्हणून कुट्यात हॉटेल घेतलं, तर वेबसाइटवरचा फोटो आणि समोरचा समुद्र यांचा मेळ बसणार नाही.

तेव्हा नाताळात जाणार असाल तर पूर्वेचा किनारा घ्या: नुसा दुआ किंवा सानूर. सानूरला प्रवाळाच्या कड्यामुळे लाटाही कमी असतात, लहान मुलांना ते बरं. मे महिन्याच्या सुट्टीत उलट करा. तेव्हा वारा आग्नेयेकडून येतो, कुटा-सेमिन्याक स्वच्छ असतात आणि सानूरच्या वाळूवर समुद्री शेवाळ येऊन पडतं. ते शेवाळ म्हणजे कचरा नव्हे, त्यावरून हॉटेलवाल्याशी भांडू नका. दिवाळीत पाऊस नुकताच सुरू होत असतो, त्यामुळे सहसा दोन्ही बाजू ठीक असतात.

बुकिंग आधीच झालं असेल तर हॉटेलला निरोप पाठवून किनाऱ्याचा आजचा, दुपारचा फोटो मागा. सकाळचा नको, कारण तो झाडून झाल्यावरचा असतो. जोराचा पाऊस पडून गेला की पुढचे दोन दिवस नदीच्या मुखाजवळ पोहू नका, पाणी निवळलेलं दिसलं तरी. त्यात गावातलं सांडपाणी उतरलेलं असतं. वाळूत चप्पल घालूनच चाला. फुटक्या काचेइतक्याच सातेच्या (काडीला टोचून भाजलेल्या मांसाच्या) बांबूच्या काड्या पायात घुसतात. नुसा पेनिडा या शेजारच्या बेटावर मांता मासे बघायला जाणाऱ्यांनीही मोसम बघावा. मार्च २०१८ मध्ये तिथल्या मांता पॉइंटवर एक पाणबुड्या प्लास्टिकच्या थरातून पोहत असल्याची चित्रफीत जगभर फिरली होती. पण वारा फिरला की तेच पाणी नितळ होतं.

आता आपण स्वतः तिथे किती भर टाकतो ते पाहा. बालीत नळाचं पाणी पीत नाहीत. चार जणांचं कुटुंब उन्हात माणशी तीन लिटर पाणी पितं असं धरलं, तर दिवसाला बारा लिटर, म्हणजे ६०० मिलीच्या वीस बाटल्या. पाच दिवसांत शंभर. हे टाळायला खोलीत शिरताच १९ लिटरचा जार मागायचा. तिथे त्याला ‘गालोन’ म्हणतात आणि बहुतेक हॉटेलं, होमस्टे तो ठेवतात. घरून प्रत्येकाची स्टीलची बाटली न्या, विमानतळावर तपासणीआधी ती रिकामी करा. बाटली दाखवून ‘इसी उलांग’ म्हटलं की कॅफेतही भरून मिळते. कापडी पिशव्या दोन-तीन ठेवा. बालीच्या राज्यपालांच्या २०१८ च्या ९७ क्रमांकाच्या नियमाने प्लास्टिक पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोल यांवर बंदी आहे. चिवडा-लाडवांची पाकिटं, मुखवासाच्या पुड्या, मुलांचे डायपर धबधब्यापाशी किंवा गावातल्या मंदिराजवळच्या डब्यात टाकू नका. तिथला डबा भरला की बऱ्याचदा मागच्या ओढ्यात रिकामा होतो किंवा पेटवला जातो. एका पिशवीत बांधून हॉटेलवर आणा. नद्यांत तरंगते अडसर लावून कचरा अडवणारी सुंगाई वॉच ही संस्था स्वयंसेवकांनाही सोबत घेते. एक सकाळ द्यावीशी वाटली तर तिथे द्या.

रस्त्यात, दुकानाच्या दारात, स्कूटरच्या सीटवरसुद्धा नारळाच्या झावळीची तळहाताएवढी चौकोनी टोपली दिसेल: त्यात फुलं, चिमूटभर भात, एखादं बिस्कीट, कधी सिगारेट, वर धुमसणारी उदबत्ती. हे चानांग सारी, रोजचा नैवेद्य. उदबत्ती विझल्यावर कुत्री, कोंबड्या त्यातला भात खातात आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. ते उचलून ‘सफाई’ करू नका, ओलांडू नका, मुलांना पायाने उडवू देऊ नका.

या नैवेद्यामुळे आणि मोकळ्या उकिरड्यांमुळे कुत्री गल्लोगल्ली असतात. बरीचशी कोणाच्या ना कोणाच्या घरची असतात, फक्त बांधलेली नसतात. स्वतःच्या गल्लीत ती राखणदार असतात, हे ध्यानात ठेवलं की अर्धा त्रास कमी होतो. पहाटे किंवा रात्री निर्जन गल्लीतून चालत जाऊ नका, किनाऱ्यावर धावायला उजाडल्यावर निघा. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, अंग तिरकं करा, डोळ्यांत पाहू नका, हात छातीशी घ्या आणि हळूहळू मागे सरका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक कुत्री मागे हटतात. स्कूटरमागे लागलं तर वेग वाढवू नका, लोक पडतात ते वेग वाढवल्यानेच. गळ्यात लाल पट्टा दिसला तर त्याला कधीतरी लस दिली गेली असेल, इतकाच अर्थ घ्या. आणि पुण्य म्हणून बिस्किटं खाऊ घालू नका. आज तुम्ही घातलीत की उद्या तेच कुत्रं दुसऱ्याच्या लहान मुलाच्या हातावर झेप घेतं. जखमी किंवा आजारी जनावर दिसलं तर बावा या प्राणी कल्याण संस्थेला कळवा. कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी दिलेले पैसे बिस्किटांपेक्षा कितीतरी पटीने उपयोगी पडतात.

माकडांचं गणित वेगळं आहे. उबुदच्या मंकी फॉरेस्टमध्ये त्यांना खाऊचा वास येतोच, शिवाय पाकिटाचा कुरकुर आवाजही ते अचूक ओळखतात. म्हणून पर्समधला खाऊ गाडीतच ठेवून जा. उलुवातूच्या मंदिरात ती चष्मा, मोबाईल, चप्पल पळवतात आणि खाऊ मिळाल्यावर सोडतात. मोठी माकडं माणसाला जास्त मोलाच्या वाटणाऱ्या वस्तू हेरून उचलतात, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. तिथे गॉगल, टोपी, लोंबती कानातली आधीच काढा. नंबरचा चष्मा असेल तर दोरी लावा. वस्तू गेलीच तर ओढाताण करू नका, चावा तिथेच बसतो. मंदिराच्या माणसाला हाक मारा, तो फळ देऊन सोडवून आणतो. माकडाकडे बघून दात दाखवत हसू नका, त्याला ते आव्हान वाटतं.

आता खरी जपण्याची गोष्ट. २००८ पर्यंत बालीत रेबीज नव्हता. त्या वर्षी दक्षिण टोकाला उंगासान भागात तो आला आणि मोठ्या लसीकरण मोहिमांनंतरही अजून टिकून आहे. लक्षणं दिसू लागली की रेबीजवर उपाय नाही. चावल्यावर लगेच उपचार झाले तर मात्र तो टळतो. त्यामुळे काहीही चावलं, ओरखडलं किंवा फाटलेल्या कातडीला चाटलं, तर क्रम असा ठेवा:

१. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांतच ‘झालं’ असं वाटतं. विषाणू जखमेत असतानाच तो धुऊन काढायचा आहे.

२. नंतर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरचीपूड काही नको. टाके घालण्याची घाई करू देऊ नका, घट्ट पट्टीही नको.

३. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी केंद्राला ‘पुस्केस्मास’ म्हणतात. ‘दिगिगित आंजिंग’ म्हणजे कुत्रा चावला, ‘दिगिगित मोन्येत’ म्हणजे माकड. लस म्हणजे ‘वार’, सीरम म्हणजे ‘सार’.

‘दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू’ हा सल्ला प्रवाशाच्या कामाचा नाही. तुम्ही परत निघालेले असता आणि कुत्रं सापडत नाही.

रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे वर म्हटलेलं सीरम, लागतं. त्यात विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं असतात. ते जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. माणसाच्या रक्तापासून केलेल्या प्रकाराची मात्रा किलोमागे २० युनिट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२००. हे औषध प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत ते देता येतं, म्हणून न मिळाल्यास लस सुरू करून लवकरचं विमान पकडा. भारतात त्याच कामाचं मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिपिंडांचं, औषधही मिळतं. त्यातलं एक, रॅबिशील्ड, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं आहे.

याच कारणासाठी आगाऊ लस घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. मुलं ओरखडा लपवतात आणि त्यांना चावा तोंडावर-हातावर बसतो. भारतात साधारण तीन डोस देतात: पहिल्या दिवशी, सातव्या आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. वेळ कमी असेल तर सात दिवसांच्या अंतराने दोन डोसही निरोगी माणसाला चालतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मान्य केलं आहे. आधी लस झालेली असली की चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही, तीन दिवसांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार केव्हाच संपला. लस आता दंडावर देतात.

प्रवास विमा घेताना प्राण्याच्या चाव्याचा बाह्यरुग्ण खर्च त्यात धरलाय का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत फक्त भरती झाल्यावरचा खर्च असतो, आणि लस टोचायला कोणी भरती करत नाही.

तिथे उपचार सुरू झाले असतील तर लसीचं नाव, तारीख, स्नायूत दिली की कातडीत, हे सगळं कार्डावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. इंडोनेशियात बहुधा पहिल्या दिवशी दोन, मग सातव्या आणि २१ व्या दिवशी एकेक अशी पद्धत असते. आपल्याकडची वेगळी. घरी आल्यावर डॉक्टरांना कार्ड दाखवून उरलेले डोस त्याच वेळापत्रकाने पूर्ण करा. आपल्या सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते. २१ व्या दिवसापर्यंत जखम भरून आलेली असते आणि नेमका तोच डोस राहून जातो, म्हणून त्याची आठवण मोबाईलमध्ये त्याच दिवशी लावून ठेवा.